पावसाळी सल्ला: कुत्र्यांच्या सरावासाठी पाळलेली कबुतरे आणि त्यांची ढाबळ

पॉइंटर किंवा सेटर कुत्र्याला पक्षी शोधायला शिकवताना कबुतराने लाँचर (कबुतर ठेवून लांबून उघडायची स्प्रिंगची पेटी) उघडताच सरळ वर उसळायचे असते, कुत्र्याच्या तोंडी न लागता दूर जायचे असते आणि आपल्या ढाबळीत परत यायचे असते. ते पन्नास पावलांवर धपकन खाली बसले, तर कुत्रा धावत जाऊन त्याला पकडतो. वास आला की जागच्या जागी थांबायचे, हा कित्येक आठवडे घोटून घेतलेला धडा तेवढ्यात बिघडतो. अशी अर्धवट उडणारी कबुतरे बहुतेक वेळा पावसाळ्यातच तयार होतात, कारण ओल, बुरशीचा दाणा, डास आणि पीसगळ ही सगळी संकटे याच दिवसांत एकदम येतात. म्हणून सध्या सराव कमी ठेवा आणि ढाबळीकडे लक्ष द्या.

ढाबळ कोरडी ठेवा

ढाबळीची जमीन भुईपासून ४५ ते ६० सेंमी उंच असावी. खालून वारा खेळतो, उंदरांना लपायला जागा राहत नाही आणि झाडायलाही सोपे जाते. छपराची पुढची पागोळी किमान ६० सेंमी बाहेर काढा. पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती बाजू फळ्यांनी बंद करा, पण सगळीकडून प्लॅस्टिक लावून ढाबळ कोंडू नका. पावसाळ्यात सर्वाधिक घडणारी चूक हीच आहे. आतली वाफ बाहेर पडली नाही, तर पाऊस आत न येताही पिसे दमट राहतात. खालून हवा आत येऊ द्या आणि छपराखालच्या झडपेतून बाहेर जाऊ द्या. सकाळी दार उघडल्यावर कबुतरांच्या बसण्याच्या उंचीवर नाक नेऊन पाहा. डोळे चुरचुरले, अमोनियाचा वास आला तर हवा अपुरी आहे.

गर्दी हेही ओलीचे कारण असते. ६ बाय ८ फुटांच्या ढाबळीत १६ ते २० कबुतरे सुखाने राहतात. त्याच जागेत ४० कोंबली, तर रोज कितीही खरवडले तरी जमीन कोरडी राहणार नाही.

जमिनीवर भुसा पसरणाऱ्यांनी मूठभर भुसा दाबून पाहावा. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला, तर तो त्याच दिवशी काढून टाका. कॉक्सिडिया या परजीवीची अंडी विष्ठेतून पडताना रोग पसरवण्याच्या अवस्थेत नसतात. उबदार ओलीत ती एक-दोन दिवसांत त्या अवस्थेला येतात. म्हणून पावसाळ्यात विष्ठा रोज खरवडायची असते, आठवड्यातून एकदा खरवडून उपयोग नाही. शक्य असेल तर भुसा पूर्ण बंद करून १ इंची वेल्डेड जाळीची जमीन करा. आमच्या मते पावसाच्या महिन्यांत याहून चांगला उपाय नाही.

खरवडताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा आणि सुक्या विष्ठेवर आधी हलकेच पाणी शिंपडून घ्या. विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने फुप्फुसाचा कायमचा आजार जडू शकतो.

दाणा

एका मोठ्या कबुतराला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम दाणा लागतो. २० कबुतरांना सुमारे ७०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून द्या. विश्रांतीच्या काळात १० किलो मिश्रणात साडेतीन किलो मका, अडीच किलो ज्वारी, २ किलो गहू आणि २ किलो वाटाणा किंवा मसूर घ्या. यातून १२ ते १३ टक्के प्रथिने मिळतात. पीसगळ चालू झाली किंवा पिल्ले असली, तर वाटाणा ३ किलो करा आणि मका व ज्वारी अर्धा-अर्धा किलो कमी करा. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनतात. या काळात दाणा निकस असेल, तर नव्या पिसावर आडवी फिकट रेघ उमटते आणि ते पीस तिथेच मोडते.

मक्याचा दाणा दाताखाली धरून बघा. कट्कन फुटला तर कोरडा, चपटा झाला तर ओला. ओला मका पोत्यात राहिला की आतून बुरशी धरतो आणि बुरशीचे विष कबुतराच्या यकृतावर जाते. कुबट वास आलेला दाणा धुऊन वाळवला तरी विष निघत नाही, तो फेकूनच द्या. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त दाणा भरू नका.

दाणा दळला जावा म्हणून कबुतरे गिळतात ते खडे (ग्रिट) उघड्या भांड्यात ठेवले तर ओल धरून त्यांचा चिखल होतो, म्हणून थोडे थोडे द्या आणि वरचेवर बदला. कबुतर पाण्यात चोच बुडवून शोषून पिते, त्यामुळे भांड्यात किमान अडीच सेंमी पाणी असावे. भांड्यावर झाकण हवे, म्हणजे विष्ठा पडणार नाही. भांडे रोज घासा. कँकर हा परजीवीमुळे होणारा घशाचा रोग याच सामाईक पाण्यातून एकाचा दुसऱ्याला होतो.

हातात घेऊन काय पाहायचे

आठवड्यातून एकदा प्रत्येक कबुतर हातात घ्या. चोच उघडून उजेडात घसा पाहा. पनीरासारखा पिवळट थर दिसला तर तो कँकर समजा, कबुतर वेगळे काढा आणि पशुवैद्याकडून औषध व त्याचे प्रमाण ठरवून घ्या. चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती किंवा पायांवर खपली धरलेले फोड देवीचे असतात. ते डास पसरवतात. देवीची लस पावसाच्या तीन-चार आठवडे आधी द्यायची असते. ती राहिली असेल, तर निदान ढाबळीला बारीक जाळी लावा आणि आजूबाजूचे साचलेले पाणी रिकामे करा. मान पिरगळणे, दाणा टिपताना चोच चुकणे आणि पाण्यासारखी विष्ठा ही लक्षणे एकत्र दिसली, तर पॅरामिक्सो विषाणूचा संशय घ्या. त्या ढाबळीतले एकही कबुतर मैदानावर नेऊ नका.

पिसे उलटी करून छातीवर फुंकर मारली की चपटी तपकिरी कबुतरमाशी पिसांतून आडवी पळताना दिसते, कधी तुमच्या बाहीवरही उडी मारते. ती रक्त पिते आणि रक्तातला परजीवीही पसरवते. पक्ष्यांसाठी बनवलेली पर्मेथ्रिनची भुकटी वापरा. कुत्र्याचे गोचिडाचे औषध कबुतराला कधीही लावू नका.

आता पंख उघडा. टोकाकडची दहा मोठी पिसे आतून बाहेर, एकेक करून गळतात. पहिली चार-पाच गळताना उड्डाणावर फारसा परिणाम होत नाही. आठवे, नववे, दहावे पीस अर्धे वाढलेले असेल, तर ते कबुतर लाँचरमध्ये घालू नका. अर्धवट पिसाच्या नळीत रक्त असते. ती लाँचरच्या झटक्याने मोडली तर कबुतर रक्तबंबाळ होते आणि पुढे लाँचरलाच भिते.

अंडी आणि पिल्ले

ऐन पावसात पिल्ले काढू नका. ओल्या घरट्यात ती थंडीने दगावतात आणि जगलेलीही किरकोळ राहतात. नुसती अंडी काढून घेतली, तर मादी थोड्याच दिवसांत पुन्हा घालते आणि थकते. त्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकची खोटी अंडी घरट्याच्या परळात ठेवा. जोडी १८ दिवसांपेक्षा जास्त बसून कंटाळली की स्वतःच सोडून देईल. नर-मादी वेगळे ठेवता आले तर आणखी चांगले.

पावसाआधी निघालेली पिल्लेच कोरड्या दिवसांतल्या सरावाची तुकडी असतात. अंडे १८ दिवस, पिल्लू स्वतः दाणा टिपू लागेपर्यंत ४ आठवडे, जागा ओळखायला २ आठवडे आणि थोड्या अंतराच्या उड्डाणांना ३ ते ४ आठवडे, म्हणजे सगळे मिळून जवळपास तीन महिने लागतात. बाहेरून आणलेले मोठे घरपरत कबुतर सोडले की जुन्या ढाबळीकडे निघून जाते. ते कायम बंद ठेवून त्याची पिल्ले वाढवा. रस्त्यावरची कबुतरे पकडून आणू नका, ती परत येत नाहीत आणि रोग मात्र घेऊन येतात. कोणतेही नवे कबुतर ३० दिवस वेगळे ठेवा.

पिल्लांना दाराचे लोंबते गज ढकलून आत यायला शिकवण्यासाठी हे दिवस चांगले. आधी गज वर बांधून ठेवा, मग दोनच खाली सोडा, मग सगळे. गज आतल्या बाजूलाच झुलले पाहिजेत. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक गज बोटाने ढकलून पाहा. वरची कडी गंजून एक गज जरी अडकला, तरी भिजून आलेले कबुतर दोनदा धडकते आणि रात्रभर छपरावर बसते. तिथे ते घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी जाते.

उघडीप मिळाल्यावर

सलग दोन कोरडे दिवस आणि पिसे कोरडी असतील तरच सराव घ्या. त्या सकाळी दाणा देऊ नका, पाणी द्या. अन्नपिशवी भरलेले कबुतर जड उडते. कबुतर लाँचरमध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. लाँचरखाली कोरडे पोते घाला, कारण ओल्या गवतात बसलेले कबुतर वर उठतच नाही. कुत्र्याला वाऱ्याला आडवा आणा. त्याने वास धरला की लगेच कबुतर सोडा, नाक लाँचरवर येईपर्यंत थांबू नका. लाँचर उघडण्याच्या आवाजाने कोवळा कुत्रा बिचकतो. एक कबुतर दिवसातून एकदाच वापरा आणि मावळतीच्या दोन तास आधी काम थांबवा.

कुत्र्याने कबुतर तोंडात धरलेच, तर ते उडून गेले म्हणून निश्चिंत राहू नका. ढाबळीत परतल्यावर पिसे फुंकून कातडी पाहा. दाताचे भोक बारीक असते पण आत खोल जाते आणि दोन दिवसांत सडते. असे कबुतर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. कुत्र्याला ढाबळीखाली लोळू देऊ नका, विष्ठा खाल्ल्यास त्याला साल्मोनेलाचा त्रास होऊ शकतो. ढाबळीत उंदीर असतील, तर कुत्र्याची लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका.

पाऊस पूर्ण ओसरला की उड्डाणे नव्याने सुरू करा: १ किमी, ३ किमी, ५ किमी, ८ किमी. प्रत्येक अंतर एकाच दिशेने दोनदा घ्या. ५ किमीवरून सगळी तुकडी १५-२० मिनिटांत आत आली नाही, तर पुढचे अंतर घेऊ नका. दोनदा उशिरा आलेल्या कबुतराचा घसा आणि पंख पुन्हा तपासा.