नेट गेलं की आधी डीएनएस बदलू नका: छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर होणाऱ्या चुका

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा असो की फोर्टातलं जुनं ऑफिस, फोन एकच येतो: "साहेब, नेट गेलंय." मी पोचेपर्यंत कुणीतरी व्हिडिओ बघून प्रत्येक मशीनवर डीएनएस म्हणून गूगलचं ८.८.८.८ भरून ठेवलेलं असतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, सांगणारी सेवा. मग मूळ बिघाड शोधायच्या आधी हा नवा बिघाड निस्तरावा लागतो.

मी बोलतोय ते अशा ऑफिसांबद्दल, जिथे नेट एका सर्व्हरमधूनच सगळ्या मशीनना जातं: त्याचं एक नेटवर्क कार्ड बाहेर नेटकडे, दुसरं आत ऑफिसकडे. आधी त्या सर्व्हरवर बसा. तिथून ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे तो पत्ता उत्तर देतो का बघा, मग एनएसलुकअप या कमांडने एखाद्या साइटच्या नावाचा आयपी विचारा. दोन्ही जमलं तर अडलेल्या मशीनवर जा आणि तिथून सर्व्हरचा आतला आयपी, बाहेरचा आयपी आणि नाव याच क्रमाने तपासा. आयपी लागतो पण नाव सापडत नाही, तर डीएनएस. सर्व्हर दिसतो पण त्यापलीकडे काहीच लागत नाही, तर शेअरिंग, म्हणजे सर्व्हरने नेट पुढे वाटायची सोय. मशीनचा स्वतःचाच आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ताच मिळालेला नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवीन मुलांना तेवढाही धीर नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात महाग चूक: दुसऱ्या डीएनएसच्या जागी ८.८.८.८

दादरच्या एका सीएंच्या ऑफिसात जुलैअखेरीस, रिटर्नची ३१ तारीख तोंडावर असताना, रोज जेवणानंतर दोन-तीन मशीनवर टॅलीचा डेटा उघडेनासा झाला. नेट मात्र व्यवस्थित चालू. पहिल्या दिवशी त्यांनी केबली बदलल्या, दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून नवा स्विच आणला. तिसऱ्या दिवशी मी दुपारी एकपासून तिथेच बसून राहिलो. दीड वाजता बॅकअप सुरू झाला आणि सर्व्हर इतका मंदावला, की त्याच्याकडून नावांची उत्तरं वेळेत येईनात. मशीनवर पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ भरलेला होता, म्हणून विंडोज त्या दुसऱ्याकडे वळलं. ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव गूगलला कुठून ठाऊक असणार? त्याने "असं नाव नाही" म्हणून कळवलं, आणि विंडोजने ते उत्तर लक्षातही ठेवलं.

पहिल्याला माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल, असा सर्रास समज आहे. तसं होत नाही. "नाही" हेही उत्तरच असतं, आणि ते मिळालं की शोध तिथेच थांबतो. म्हणून ऑफिसात स्वतःचा डीएनएस असेल तर मशीनवर फक्त त्याचाच पत्ता द्या. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा बाहेरचा डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये टाका, म्हणजे स्वतःला ठाऊक नसलेली नावं सर्व्हरच तिथे विचारेल. त्या ऑफिसात मी एवढंच केलं, मशीनवर लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवलं आणि बॅकअप रात्री अकराला नेला. स्विचचे पैसे मात्र वाया गेले.

दोन्ही बाजूंना १९२.१६८.१

केबलवाल्याचा राउटर बहुतेकदा १९२.१६८.१.१ वर असतो, आणि आतल्या लॅनलाही, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कलाही, लोक पत्त्यांचा तोच पट्टा देतात. मग कुठलं पाकीट कुठल्या कार्डातून पाठवायचं हे सर्व्हरला कळणार कसं? मी आत नेहमी १०.२०.३० ठेवतो. गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा पत्ता, फक्त बाहेरच्या कार्डाला द्यायचा, आतल्या कार्डाचा रकाना रिकामा सोडायचा. विंडोजचं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू केलं तर आतलं कार्ड आपोआप १९२.१६८.१३७.१ होतं आणि जुना पक्का आयपी दिलेला प्रिंटर दिसेनासा होतो. पाचाहून जास्त मशीन असतील तिथे मी हा शॉर्टकट वापरत नाही.

सर्व्हर लिनक्सचा असेल तर आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका कार्डावरची पाकिटं दुसऱ्याकडे पाठवणं, नुसत्या कमांडने चालू केलं तर रीस्टार्टनंतर ते जातं. ते सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहा आणि मास्करेडचा, म्हणजे आतल्या मशीनना सर्व्हरच्या पत्त्याने बाहेर पाठवायचा, नियमही सेव्ह करा. काम झालं की मी सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करतो आणि सगळ्या मशीनवर नेट आल्याशिवाय निघत नाही, मग घरी जायला कितीही उशीर होवो.

उबुंटूवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही डीएनएसची फाइल हाताने बदलू नका, सिस्टमडी ती फाइल पुन्हा लिहितं.

५३ नंबरचा, म्हणजे डीएनएसचा, पोर्ट सर्व्हरवर बाहेरच्या बाजूने बंदच हवा.

पिंग लागतो, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात? सर्व्हर पीपीपीओईने, म्हणजे युजरनेम-पासवर्डच्या लॉगिनने, नेटला जोडलेला असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ उरतात. सर्व्हरवर एमएसएस, म्हणजे पाकिटातल्या डेटाची मर्यादा, १४५२ ला बांधून टाका. असल्या वेळी डीएनएसला हात लावून काहीही साधत नाही.

आणि वायफाय वाढवायला कुणी घरचा राउटर आणून लावला असेल, तर आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये डीएचसीपी सर्व्हर कोण दिसतो ते पाहा. तिथे आपल्या सर्व्हरऐवजी तो राउटर दिसला, तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला लॅनमधला मोकळा आयपी द्या आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टातून काढून लॅन पोर्टात लावा.