ट्रेलर जोडण्याआधी ब्रेककडे पाहा: नव्याने आलेल्यांसाठी

परदेशात स्थिरावण्याच्या पहिल्या काही वर्षांत बिऱ्हाड एकदा तरी हलवावे लागते, आणि अनेक ठिकाणी हमाल व टेम्पो सहज मिळत नसल्यामुळे आपल्याच मोटारीच्या मागे भाड्याचा ट्रेलर जोडून सामान न्यावे लागते. मला येथे येऊन बरीच वर्षे झाली. या काळात नव्याने आलेल्या अनेक कुटुंबांना सामान हलवायला मी मदत केली आणि जवळजवळ प्रत्येकाने मला पहिला प्रश्न एकच विचारला: आपली गाडी एवढे ओझे ओढेल का? माझ्या अनुभवाने हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आजची साधी मोटारसुद्धा सपाट रस्त्यावर बरेच वजन ओढते. पण तेच वजन ती उतारावर, पावसात, समोर कोणी अचानक आडवे आल्यावर थांबवू शकेल का, हे आधी विचारायला हवे.

यामागचे गणित सोपे आहे. चालत्या वाहनात साठलेली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,५०० किलोची मोटार ताशी १०० किमी वेगाने जात असेल, तर तिला थांबवताना ब्रेकना जेवढी ऊर्जा पचवावी लागते, त्याहून थोडी जास्तच ऊर्जा तीच मोटार १,००० किलोचा ट्रेलर घेऊन ताशी ८० किमी वेगाने जात असताना पचवावी लागते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही सगळी ऊर्जा मोटारीच्या चार चाकांतील डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि पॅड (तिच्यावर दाबले जाणारे घर्षणाचे ठोकळे) यांनाच उष्णतेच्या रूपात सोसावी लागते. म्हणून ट्रेलर असताना ताशी ८० किमीचा वेग हा सावकाश वेग आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

प्रत्येक मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाच्या मर्यादा दिलेल्या असतात. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी बरीच कमी, अशा त्या दोन असतात. याशिवाय हिचवर, म्हणजे मोटारीच्या मागे ट्रेलर अडकवण्याच्या जोडावर, किती भार टाकावा याची वेगळी मर्यादा असते. काही मोटारी ट्रेलरसाठी मुळीच योग्य ठरवलेल्या नसतात; अशा मोटारीला बाहेरून हिच बसवून घेण्याचा मोह टाळावा. चालक परवान्याचे आणि विम्याचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून ते आपापल्या परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावेत. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता ब्रेककडे वळू. ट्रेलर नेण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, तर किमान दोन आठवडे आधी ब्रेक तपासावेत, कारण दोष निघाला तर तो दुरुस्त करायला वेळ हवा. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत. थर ४-५ मिलिमीटर उरला असेल तर रोजच्या वापराला तो पुरतो, पण जड ट्रेलर घेऊन डोंगर उतरायचा असेल तर मी तो आधीच बदलून घेईन. पातळ पॅडमधून उष्णता कॅलिपरकडे, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे, लवकर पोहोचते. चाकाच्या जाळीतून डोकावले तर बाहेरचा पॅड दिसतो. आतला मात्र दिसत नाही, आणि बऱ्याचदा तोच आधी झिजतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून किंवा सुकून अडकल्या की एका बाजूचा पॅड सतत घासत राहतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते अशा देशांत हे फार होते. म्हणून वर्षातून एकदा चाक काढून दोन्ही पॅड पाहावेत, पिना स्वच्छ कराव्यात आणि ब्रेकसाठीचेच खास ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबरी टोप्या फुगतात. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कच्याच कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते, ती पाहून डिस्क मोजावी.

गाडी स्वतःही बरेच सांगत असते. बारीक, कर्कश किंचाळी ऐकू आली तर पॅडवरील धोक्याची पट्टी डिस्कला लागू लागली असण्याची शक्यता असते. धातूवर धातू खरडल्यासारखा आवाज येत असेल तर उशीर झालेला आहे, आणि तशा गाडीला ट्रेलर जोडूच नये. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर अडकलेला असू शकतो. पेडलला थरथर जाणवत असेल तर बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली असू शकते, आणि पेडल पायाखाली हळूहळू खाली जात राहिले तर मुख्य सिलिंडर किंवा गळती तपासून घ्यावी. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा गंजाचा पातळ थर मात्र पहिल्या दोन-चार ब्रेकनंतर निघून जातो. त्याची चिंता नको.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते ब्रेक ऑइलकडे. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण वस्तुतः ते तेल नसते. बहुतेक मोटारींत ते ग्लायकोल जातीचे द्रव असते आणि त्यात चुकून खनिज तेल पडले तर सगळी रबरी सीले खराब होतात. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रमाणित प्रती आहेत. डॉट ३ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की हेच किमान मान अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर तापला आणि आतले द्रव उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जाते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. येथे आल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, घरातील लाकडी सामान भरलेला ट्रेलर घेऊन मी एक लांबलचक घाट उतरत होतो. निघण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये ब्रेक दाखवले होते. पॅड जाड आहेत, काळजी नको, असे तेथे सांगण्यात आले, आणि पॅड खरोखरच जाड होते. ऑइल किती वर्षांचे आहे हे त्यांनी पाहिले नाही आणि मीही विचारले नाही. घाटाच्या शेवटच्या टप्प्यात पेडल एकाएकी मऊ झाले आणि पुढच्या वळणावर तळाला टेकले. खालचा गिअर टाकून, पेडल पुन्हा पुन्हा भरभर दाबून आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत मी गाडी डाव्या बाजूच्या चढत्या मोकळ्या जागेत नेऊ शकलो, म्हणून आज हे लिहीत आहे. मागच्या आसनावर मुले होती. अर्ध्या तासाने सगळे थंड झाल्यावर पेडल पूर्वीसारखे घट्ट झाले, जणू काही घडलेच नव्हते. नेमक्या याच कारणामुळे अनेक जण ती घटना विसरून पुढे जातात. वाफेचे पुन्हा द्रव होते, पण पाणी आतच राहते आणि पुढच्या उतारावर तोच प्रसंग येऊ शकतो. तेव्हापासून दर दोन वर्षांनी मी ब्रेक ऑइल बदलतो, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. रंगावरून त्याची पारख करू नये. ओलावा किंवा उत्कलनबिंदू मोजण्याचे उपकरण गॅरेजमध्ये असते, ते लावून दाखवायला सांगावे. टाकीतील पातळी खाली गेलेली दिसली तर वरून भरून मोकळे होऊ नये. पॅड झिजले की ती आपोआप खाली येते, आणि तसे नसेल तर कोठेतरी गळती असते. दोन्ही गोष्टी शोधून काढायलाच हव्यात.

मजुरी महाग असल्याने पॅड घरी बदलण्याकडे नवीन मंडळींचा कल असतो. हे काम शिकण्यासारखे आहे, पण पहिल्यांदा ते जाणकार माणसाच्या शेजारी उभे राहून करावे. गाडी केवळ जॅकवर उचललेली असताना काम करू नये, तिच्याखाली स्टँड लावावेतच. पॅड एकाच चाकाचे न बदलता एका आसाच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. ब्रेकची धूळ फुंकू नये किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. मागच्या चाकांना विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर तो दुरुस्तीच्या स्थितीत नेल्याशिवाय पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलू नये. काम संपल्यावर गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे, कारण पिस्टन मागे गेलेले असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीच्या वेगावरून १० किमीपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून ते डिस्कवर बसू द्यावेत.

ट्रेलर जोडताना हिचचा गोळा आणि ट्रेलरचे कपलर (गोळ्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) एकाच मापाचे आहेत की नाही, हे त्यांवर कोरलेले आकडे वाचून ठरवावे, डोळ्यांनी नव्हे. मोठ्या मापाचे कपलर लहान गोळ्यावर वरवर नीट बसल्यासारखे दिसते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघते. खिटी लावल्यावर ट्रेलरच्या पुढच्या टेकूच्या चाकाने दांडा (कपलर ज्याच्या टोकाला असते तो ट्रेलरचा पुढचा भाग) वर उचलून पाहावा; त्याबरोबर गाडीचा मागचा भागही उचलला गेला तर जोड पक्का आहे. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता त्या साखळ्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार असेल तर ती गाडीच्या नेमून दिलेल्या ठिकाणी अडकवावी, गोळ्याभोवती सैल गुंडाळू नये.

सामान कसे भरले आहे यावर ट्रेलरचे वागणे अवलंबून असते. जड वस्तू आसाच्या वर आणि किंचित पुढे ठेवाव्यात, जेणेकरून ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हिचवर येईल. मोटारीची हिचवरील मर्यादा यापेक्षा कमी असेल तर सामान कमी करावे, ते मागे सरकवून आकडा जुळवू नये. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. उलट हिचवर फार भार पडला तर मोटारीची पुढची चाके हलकी होतात, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही कमकुवत होतात. वजनाचा अंदाज बांधताना डोळा फसवतो. २ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल असा छोटा ट्रेलर काठोकाठ ओल्या वाळूने भरला तर तो दीड टनाहून अधिक होतो. पुस्तकांच्या खोक्यांबाबतही लोकांचा असाच अंदाज चुकतो. निघण्यापूर्वी ट्रेलरचे दिवे, टायरमधील हवा आणि टायरचे वय पाहावे. टायरवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरच्या टायरवर खाचा खोल दिसतात, पण रबर आतून तडकलेले असू शकते.

रस्त्यावर पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट तरी अंतर ठेवावे आणि वळणे थोडी बाहेरून घ्यावीत, कारण ट्रेलरची चाके आतून कापत जातात. उतार सुरू होण्याच्या आधीच, वेग कमी असताना, खालचा गिअर टाकावा. अर्ध्या उतारावर सुचलेला शहाणपणा तापलेल्या डिस्कना फारसा उपयोगी पडत नाही. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरण्यापेक्षा वेग वाढू लागला की ठामपणे दाबावे, वेग पुरेसा उतरला की पूर्ण सोडावे आणि डिस्कना थंड व्हायला वेळ द्यावा. मागून ढकलले गेल्यावर आपोआप लागणारे ब्रेक काही ट्रेलरना असतात. लांब उतारावर तेही सतत लागून तापतात, हे लक्षात ठेवावे.

ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला तर पहिली प्रतिक्रिया जोरात ब्रेक लावण्याची किंवा स्टिअरिंग उलट फिरवण्याची होते. या दोन्हींमुळे झोके वाढू शकतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे, आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर तेवढेच हलके लावावेत. वेग वाढवून झोके मोडता येतात हा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो मानू नये. गाडी थांबल्यावर सामान पुन्हा रचल्याशिवाय पुढे निघू नये.

पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत, साखळ्या व पट्टे पाहावेत, आणि हाताचा मागचा भाग ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ नेऊन उष्णता जाणवते का ते पाहावे. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तेथील बेअरिंग किंवा ब्रेक अडकलेला असतो. मुक्कामी पोहोचल्यावर सामान उतरवण्याची घाई फार होते, पण तेथेही एक धोका आहे. पुढचे जड सामान आधी काढले तर ट्रेलर मागे कलतो आणि दांडा गाडीचा मागचा भाग वर ओढतो. जोड सुटलेला असेल तर तो दांडा उभ्या माणसाच्या हनुवटीला लागेल इतक्या जोराने उसळतो. म्हणून ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने सामान उतरवत पुढे यावे, आणि तो पूर्ण रिकामा झाल्यावर त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावून, टेकूचे चाक जमिनीला टेकवून, मगच खिटी उघडावी.