जुन्या घराला रंग काढताय? आधी हातभर भिंत खरवडून बघा

कंत्राटदार नुसती भिंत बघून आकडा सांगतो आणि काम सुरू झालं की ‘आत चुन्याचे थर निघाले’ म्हणून पैसे वाढवतो. डोंबिवली-बदलापूरकडच्या जुन्या घरांत हे हमखास होतं.

१. तो घर बघायला आला की त्याच्यासमोरच दोन ठिकाणी पत्र्याने फूटभर भिंत खरवडून घ्या. त्यातली एक जागा बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाच्या बाजूची हवीच. पापुद्रे सुटतात का, प्लास्टर भुसभुशीत आहे का, ते दोघांनाही दिसतं. दर त्यानंतरच ठरवा.

२. माप स्वतः काढा. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट : भिंती ४४० आणि छत १२०, एकूण ५६० चौरस फूट. दार-खिडकी वजा करायची की नाही, हे आधीच बोलून घ्या.

३. खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. पुट्टीचे हात किती, तेही. भांडण तिथेच होतं.

ओल असेल तर आधी गळती काढा; ओल्या भिंतीवर पैसे घालू नका.

एक मात्र सांभाळा. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीचा ऑइलपेंट दारा-खिडक्यांवर असेल तर कोरडा घासू देऊ नका, पाणी लावूनच घासायला सांगा. लहान मुलं आणि गरोदर बाई तेव्हा घरात नकोत.