विमा कंपनी दुसरीत विलीन झाली, तर जुनी पॉलिसी कशी सांभाळायची

कपाटात २००८ सालची आयएनजी वैश्य लाइफची पॉलिसी ठेवलेली असेल, तर त्या नावाची कंपनी आज जळगावात काय, मुंबईतही सापडणार नाही. २०१४ मध्ये तिचं नाव एक्साइड लाइफ झालं. पुढे एचडीएफसी लाइफने एक्साइड लाइफ विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती आपल्यात विलीन केली. पॉलिसी चालू असेल तर तिचा दावा आज एचडीएफसी लाइफनेच द्यायचा आहे. विमा रक्कम, हप्ता, मुदत आणि नॉमिनी या चारही गोष्टी जशाच्या तशा पुढे जातात. अडचण येते ती खात्यातून हप्ता कापला जाण्यात, शाखेत आणि कॅशलेसच्या (पैसे न भरता उपचार देणाऱ्या दवाखान्यांच्या) यादीत. म्हणून तपासणी तिथून करायची.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

नुसतं नाव बदललं, मालकी बदलली की कंपनीच विलीन झाली, हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या दोन्हींत कंपनी तीच राहते, त्यामुळे तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. विलीनीकरणात जुनी कंपनी संपते आणि तिची देणी नव्या कंपनीच्या अंगावर येतात. विमा कायदा १९३८ च्या कलम ३५ ते ३७ प्रमाणे त्याला आयआरडीएआयची, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, मंजुरी लागते. मंजुरीचं पत्रक आयआरडीएआयच्या आणि दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यातली अंमलबजावणीची तारीख पॉलिसीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.

इथे एक चूक सर्रास होते. भारती अ‍ॅक्सा जनरल सप्टेंबर २०२१ मध्ये आयसीआयसीआय लोम्बार्डमध्ये गेली, पण भारती अ‍ॅक्सा लाइफ ही वेगळी कंपनी होती, ती त्यात नव्हती. तसंच अपोलो म्युनिकची आरोग्य पॉलिसी एचडीएफसी एर्गोकडे गेली, एचडीएफसी लाइफकडे नाही. नावाचा पहिला शब्द पाहून चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला, तर महिना तिथेच जातो. पावतीवर छापलेला आयआरडीएआय नोंदणी क्रमांक जुळवून पाहिला की हा घोळ टळतो.

हप्त्याची वाट

सगळ्यात जास्त पॉलिस्या इथे बंद पडतात. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याचं संमतिपत्र जुन्या कंपनीच्या नावाने दिलेलं असतं. बहुतेक वेळा ते नव्या कंपनीकडे वर्ग होतं, पण गृहीत धरू नका. विलीनीकरणानंतरचा पहिला हप्ता पासबुकात दिसला का आणि कोणाच्या नावाने गेला, ते पाहा. त्यातच बँकही विलीन झालेली असेल, तर आयएफएससी (बँक शाखेचा कोड) बदलल्यामुळे हप्ता परत फिरू शकतो. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात गेली. तिच्या जुन्या खातेदारांनी हे मुद्दाम तपासावं.

हप्ता चुकला तर मासिक पद्धतीत १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक पद्धतीत ३० दिवस सवलत असते. त्यानंतर पारंपरिक आयुर्विमा पाच वर्षांपर्यंत, तर युलिप (बाजारात पैसे गुंतवणारा विमा) तीन वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येतो. मात्र थकबाकीवर व्याज लागतं आणि तब्येतीची चौकशी नव्याने होऊ शकते.

मोबाइल नंबर, पत्ता, बँक खातं आणि नॉमिनी हे नव्या कंपनीच्या नोंदीत बरोबर आलं का, याचा लेखी उतारा मागा. आपल्या भागात एका गावात एकाच नावाचे चार-पाच पाटील सहज निघतात. म्हणून वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून बघा.

आरोग्य विमा

नूतनीकरणाला जुनी योजना बंद करून नवी हातात दिली जाऊ शकते. तेव्हा पॉलिसीवरची सलग विम्याची पहिली तारीख पाहा. ती पुसली गेली, तर आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ (त्यात त्या आजारांचा दावा मिळत नाही, जास्तीत जास्त ३६ महिने) पुन्हा शून्यापासून मोजला जाईल. ६० महिने सलग भरल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. हे संरक्षणही त्याच तारखेवर उभं आहे. साठलेला बोनसही तपासा. जुन्या कंपनीच्या सगळ्या पॉलिस्या जपून ठेवा, एकही रद्दीत टाकू नका.

कॅशलेसची यादी नव्याने पाहा. नवापूर-नंदुरबारकडची मंडळी उपचारांना सुरतला जातात, रावेरकडची बऱ्हाणपूरला. तिथलं दवाखान्याचं नाव यादीत आहे का, ते गरज पडण्याआधीच फोन करून विचारा.

गाडीच्या विम्यात नो क्लेम बोनसची (दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीची) टक्केवारी तेवढी बघा, बाकी फार काही नाही. केळी किंवा कापसाच्या पीकविम्यात जिल्ह्याची कंपनी बदलते ती सरकारी निविदेमुळे. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

फोन आणि तक्रार

विलीनीकरणाची बातमी आली की "तुमची कंपनी बंद झाली, बोनस अडकलाय, एवढे भरा" असे फोन सुरू होतात. आयआरडीएआय कोणालाही बोनस वाटायला फोन करत नाही. पैसे भरू नका, ओटीपी देऊ नका आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा.

नवी कंपनी जुनी नोंद सापडत नाही म्हणाली, तर पॉलिसीची प्रत, शेवटची पावती आणि पासबुकाचं पान जोडून तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोन क्रमांकावर तक्रार करा. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. ग्राहक आयोगात जुन्या कंपनीविरुद्ध खटला आधीच चालू असेल, तर मंजुरीचं पत्रक जोडून प्रतिवादीचं नाव बदलण्याचा अर्ज पुढच्याच तारखेला द्या.