१२८×६४ च्या पडद्यावर स्प्राइट कसा काढावा

एटीमेगा३२८पी बोर्ड १६ मेगाहर्ट्झवर चालतोय, त्याला एसएसडी१३०६ चिपचा एकरंगी ओएलईडी जोडलाय आणि लायब्ररीतलं उदाहरण पडद्यावर दिसतंय, असं धरून चालू. स्प्राइट म्हणजे खेळात पडद्यावर हलणारं छोटं चित्र, म्हणजेच पात्र.

१. बोर्ड आणि पडदा यांच्यात माहिती नेण्याच्या दोन पद्धती: एसपीआय आणि आयटूसी. पडदा एसपीआयचाच घ्या. आयटूसीवर प्रत्येक बाइटमागे ९ बिट जातात. १०२४ बाइटांची एक फ्रेम (पडदाभर एक चित्र) ४०० किलोहर्ट्झवर किमान २३ मिलिसेकंद खाते, आणि वेग १०० किलोहर्ट्झवरच राहिला असेल तर ९२. म्हणजे सेकंदाला जेमतेम दहा फ्रेम. ८ मेगाहर्ट्झ एसपीआयवर तेच काम साधारण १ मिलिसेकंदात उरकतं. तीन तारा जास्त लागतात, लागू द्या.

२. १०२४ बाइटांचा बफर, म्हणजे पूर्ण पडद्याच्या चित्राची प्रत, रॅममध्ये ठेवा. रॅम एकूण २०४८ बाइट, त्यातली निम्मी इथेच जाते. म्हणून ‘बफर नको, थेट पडद्यावर काढा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. एसपीआय किंवा आयटूसीवर या चिपची चित्र-मेमरी परत वाचता येत नाही. मागचं दृश्य न पुसता त्यावर पात्र बसवायचं तर मागचं काय होतं ते आपल्याकडेच हवं. काही लायब्ऱ्या हा बफर प्रोग्राम सुरू झाल्यावर मागून घेतात आणि कंपाइलरच्या रॅमच्या हिशेबात तो दिसतच नाही. ‘६० टक्के वापर’ पाहून निर्धास्त राहिलात तर फसाल.

३. चित्रं प्रोगमेम (PROGMEM) लावून फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्राम राहतो त्या मेमरीत, ठेवा आणि पीजीएम_रीड_बाइट (pgm_read_byte) नेच वाचा.

४. आता खरं दुखणं. या पडद्यावर एक बाइट म्हणजे एकाखाली एक ८ ठिपके, सर्वांत खालच्या किमतीचा बिट सर्वांत वर. अशा ८ ओळींच्या आडव्या पट्टीला ‘पान’ म्हणतात, पानं आठ. स्प्राइटचा य (वरच्या कडेपासून किती ठिपके खाली) ८ च्या पटीत असेल तर बाइट सरळ उतरवता येतात. य १३ असला की प्रत्येक बाइट दोन पानांत तुटतो.

पान = य >> ३, सरक = य & ७. इथे य / ८ लिहू नका. सीमध्ये -३ / ८ चं उत्तर शून्य येतं, आणि वरच्या कडेतून आत येणारं पात्र भलत्याच जागी उगवतं. -३ >> ३ मात्र -१ देतं आणि -३ & ७ देतं ५. हेच हवंय.

बाइट सरकवायला << वापरलं तर एव्हीआर (एटीमेगाचा प्रोसेसर) दर वेळी एकच घर सरकवतो, म्हणजे ७ घरांसाठी ७ फेऱ्या. गुणाकार मात्र त्याला २ सायकलींत जमतो. तेव्हा गुणक = १ << सरक हे स्प्राइटमागे एकदाच काढा आणि प्रत्येक बाइटला त्याने गुणा. १६ बिटी उत्तराचा खालचा (कमी किमतीचा) बाइट वरच्या पानात, वरचा (जास्त किमतीचा) बाइट खालच्या पानात. य १३ ला गुणक ३२; २५५ × ३२ = ८१६०, म्हणजे खालचा बाइट २२४ आणि वरचा ३१. वरच्या पानात ३ ठिपके, खालच्यात ५. जुळलं.

मास्क म्हणजे पात्राने झाकलेल्या ठिपक्यांच्या जागी १ असलेलं दुसरं चित्र. त्याची गफलत जवळपास सगळेच करतात. मास्क आधी गुणा, मग उलटा करा, मग बफरशी ‘अँड’ आणि शेवटी चित्राचा ‘ऑर’. आधी उलटा करून गुणलात तर रिकाम्या जागी शून्यं शिरतात आणि पात्राच्या वर-खाली मागचं दृश्य पुसणारी काळी पट्टी दिसते.

लिहिण्याआधी दोन्ही पानं स्वतंत्रपणे तपासा: ० ते ७ बाहेरचं पान वगळा, क्ष (डावीकडून कितवा ठिपका) ० ते १२७ बाहेर असेल तो स्तंभही. बफरबाहेरचं लिखाण शेजारच्या व्हेरिएबलवर पडतं. मग गुण आपोआप बदलतात किंवा खेळ मध्येच पुन्हा सुरू होतो, आणि माणूस वायरिंग तपासत बसतो.

१६ ठिपके उंच पात्र म्हणजे दोन पट्ट्या. दुसरीला य + ८ देऊन हेच पुन्हा.

५. सेकंदाला ३० फ्रेमसाठी मिलिसवर (millis, सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) ३३ चं अंतर मोजा, प्रोग्राम थांबवून ठेवणारा डिले (delay) नको. पात्राची जागा ठिपक्याच्या सोळाव्या भागात, १६ बिटी चिन्हांकित पूर्णांकात साठवा; काढताना >> ४.

६. चाचणी: नक्षीदार पार्श्वभूमीवर ८ ठिपके उंच स्प्राइट य = -८ पासून ६४ पर्यंत एकेक ठिपका खाली न्या. दर आठव्या पायरीलाच नीट दिसत असेल तर मास्क किंवा वरचा बाइट चुकलाय. फक्त वरच्या कडेला अडखळत असेल तर कुठेतरी / ८ राहिलंय.