कंपाउंड धनुष्याचे ट्यूनिंग : रेस्ट हलवण्याआधी या चुका टाळा

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याची जुळणी तपासण्यासाठी ताणलेल्या कागदातून बाण सोडतात. कागदावर बाणाने केलेली फाट वाकडी आली, की बहुतेक तिरंदाजांचा पहिला हात अ‍ॅलन की या षट्कोनी पान्याकडे आणि दुसरा रेस्टकडे, म्हणजे बाण टेकवायच्या आधाराकडे जातो. ही घाई सर्वांत महागात पडते. कारण दोष कॅममध्ये (टोकांवरील चाकांत) किंवा हाताच्या पकडीत असेल, तर रेस्ट हलवून तो केवळ झाकला जातो आणि अंतर वाढले की पुन्हा डोके वर काढतो.

म्हणून आधी धनुष्य निर्मात्याने दिलेल्या मापांवर आहे का, हे पाहावे. दोन्ही अ‍ॅक्सलमधील (कॅमच्या आसांमधील) अंतर, ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर) आणि ड्रॉ वेट (खेचायला लागणारा जोर) ही तीन मापे जुळत नसतील, तर स्ट्रिंग किंवा केबल ताणली गेली आहे, असे समजावे. दोन्ही कॅमना स्टॉप, म्हणजे खेच थांबवणारे अडसर, असलेल्या धनुष्यात पूर्ण खेचीवर ते एकाच क्षणी टेकले पाहिजेत. खेचणाऱ्याला स्वतःला हे दिसत नाही, त्यामुळे ड्रॉ बोर्ड (धनुष्य अडकवून हळू खेचण्याची चौकट) वापरावा किंवा प्रशिक्षकाला बाजूने पाहण्यास सांगावे. केबलला पीळ देण्याचे काम बो प्रेसशिवाय, म्हणजे धनुष्य दाबून केबल सैल करणाऱ्या यंत्राशिवाय, करू नये.

दुसरी चूक बाणाच्या स्पाइनची, म्हणजे ताठपणाच्या मापाची. 500 स्पाइन म्हणजे 28 इंच अंतरावरील दोन टेकूंवर ठेवलेला शाफ्ट (बाणाची दांडी) 1.94 पौंड वजनाने मध्यभागी अर्धा इंच वाकतो. आकडा लहान, तितका बाण ताठ. पण हे झाले स्थिर मोजमाप. पुढचे टोक जड केले, शाफ्ट लांब ठेवला किंवा ड्रॉ वेट वाढवले, की तोच बाण प्रत्यक्षात मऊ वागतो. त्यामुळे ड्रॉ वेट वाढवणारे लिंब बोल्ट दोन फेरे घट्ट करून जुन्याच बाणांना दोष देणे योग्य नाही.

पेपर ट्यूनिंग, म्हणजे कागदाची ही चाचणी, साधारण दोन मीटरवरून करावे आणि एका फाटीवरून निष्कर्ष काढू नये. नॉक (बाणाचे मागचे खाचेचे टोक) वर फाडत असेल, तर नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक बसवायची जागा) किंचित खाली घ्यावा किंवा रेस्ट वर करावा. तरीही फाट बदलत नसेल, तर पिसे रेस्टला घासत असण्याची शक्यता मोठी. पिसांवर आणि शाफ्टच्या मागच्या भागावर पायांना लावायची स्प्रे पावडर मारून एक बाण सोडावा. जिथे पावडर पुसली जाते, तिथे घर्षण आहे. ही परीक्षा स्वस्त आहे, तरीही ती बहुधा सर्वांत शेवटी आठवते.

आडवी फाट प्रत्येक बाणागणिक दिशा बदलत असेल, तर धनुष्याला हात लावू नये. तळहाताने ग्रिप पिळली जात आहे. बोटे सैल सोडून धनुष्य पडू न देणाऱ्या स्लिंगवर (हाताच्या पट्ट्यावर) विश्वास ठेवावा.

मोठी पिसे 18 मीटरवर पुष्कळ चुका लपवतात. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला ज्या 50 मीटर अंतरावर जगज्जेते झाले, तिथे त्या लपत नाहीत. म्हणून 18 मीटरवर पिसांचा आणि बिनपिसांचा बाण एकाच गटात पडतो का, हे तपासावे. बिनपिसांचा बाण दूर जात असेल, तर एका वेळी एकच बदल करावा, तोही रेस्टवर पेन्सिलची खूण करून. नवी स्ट्रिंग बसवली असेल, तर ती बाण सोडून सोडून स्थिरावल्यावर सर्व मापे पुन्हा घ्यावीत.