पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आधी ऑइल पाहा, मग पाना उचला

पिकअप ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्वचितच एका दिवसात निकामी होतो. गिअर पडायला लागणारा विलंब, चालताना जाणवणारी बारीक थरथर आणि ऑइलचा बदललेला रंग यांतून त्याची तक्रार बराच काळ आधी सुरू झालेली असते. या तक्रारीचे मूळ बहुधा उष्णतेत असते. हौद्यात माल भरलेला असताना किंवा ट्रेलर ओढत चढ चढताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, ऑइल जोराने घुसळले जाते आणि तापते. सर्वसाधारण वापरात हे ऑइल सुमारे ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि तापमान १२० अंशांच्या बरेच वर टिकून राहिले तर आत चिकट थर जमून रबरी सील कडक होऊ लागतात.

म्हणून तपासणीची सुरुवात ऑइलपासून करावी. डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) असलेल्या बहुतेक पिकअपमध्ये वाहन सपाट जागी उभे करून, गिअरबॉक्स गरम असताना आणि इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात; मात्र काही वाहनांत इंजिन बंद करून पाहावी लागते, त्यामुळे वाहनाच्या पुस्तिकेतील पद्धतच पाळावी. अनेक नव्या वाहनांत डिपस्टिक नसते. तेथे ऑइल ठरावीक तापमानाला आणून खालचा पातळीचा बोल्ट उघडावा लागतो, आणि स्कॅनरवर (वाहनाच्या संगणकातील माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर) तापमान न पाहता केलेले हे काम जवळजवळ हमखास चुकते. पातळी कमी असेल तर ऑइल फिरवणारा पंप हवा ओढतो, पण जास्त भरलेले ऑइलही फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते आणि ऑइलचा दाब कमी होतो. थोडे जास्त भरले तर बिघडत नाही, ही समजूत येथे चालत नाही.

चांगले ऑइल सहसा लाल आणि पारदर्शक असते. ते तपकिरी झाले असेल तर बदलण्याची वेळ आलेली असते. काळपट आणि जळका वास येणारे असेल तर क्लच प्लेटा, म्हणजे एकमेकींना घट्ट धरून गिअर लावणाऱ्या चकत्या, घसरून जळत असण्याची शक्यता मोठी. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर वाहन चालवूच नये, कारण त्या वेळी ऑइलमध्ये पाणी किंवा रेडिएटरच्या आतील, गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा कूलर फुटून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) मिसळलेले असते. त्या पाण्याने क्लच प्लेटांवरचे अस्तर धरून ठेवणारा चिकट पदार्थ सुटू लागतो.

ऑइल बदलताना तवा (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेले ऑइलचे पसरट भांडे) खोलून फिल्टर पाहणे हितावह असते. जॅकवर विसंबून वाहनाखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत. गरम ऑइलने गंभीर भाजते, म्हणून ते कोमट होऊ द्यावे. तव्यातील मॅग्नेटवर राखाडी, मऊ लेप असणे नैसर्गिक आहे, परंतु बोटांना टोचणारे धातूचे कण किंवा पापुद्रे मिळाले तर नवे ऑइल भरून काहीही सुधारणार नाही. तव्यातून निम्म्याहून कमीच ऑइल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून दुर्लक्षित गिअरबॉक्समध्ये दाबाने धुण्यापेक्षा काही अंतराने दोन-तीन वेळा ऑइल बदलणे मला अधिक सुरक्षित वाटते. ऑइलचा प्रकार मात्र पुस्तिकेत लिहिलेलाच हवा: डेक्सरॉन, मर्कॉन आणि एटीएफ प्लस ४ या ऑइलच्या प्रकारांचा रंग सारखा असला तरी घर्षणाचे गुण वेगळे असतात. ‘आयुष्यभर चालणारे’ ऑइल हा शब्दप्रयोग जड वापरातल्या पिकअपसाठी गंभीरपणे घेऊ नये. सतत ओझे ओढणाऱ्या वाहनात साधारण ५० ते ६० हजार किलोमीटरला ते बदलणे शहाणपणाचे ठरते.

आता लक्षणांकडे. सकाळी गिअर डी (पुढे जाण्याच्या स्थिती) मध्ये टाकल्यावर वाहन दोन-तीन सेकंदांनी हलत असेल तर आधी पातळी, मग फिल्टर आणि त्यानंतर कडक झालेले सील असा क्रम धरावा. ६० ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर थरथर येत असेल तर मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच्या पेडलला फक्त स्पर्श करावा. त्यामुळे बहुतेक वाहनांत कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) सुटतो, आणि त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष त्या क्लचमध्ये किंवा जुन्या ऑइलमध्ये असतो. थांबली नाही तर इंजिनाचे मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) किंवा प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे, सांधे तपासावेत. गिअर टाकताना याच सांध्यांतून येणाऱ्या ठक् आवाजाचा दोषही कित्येकदा गिअरबॉक्सवर विनाकारण येतो.

वाहन एकाच गिअरमध्ये अडकून राहिले तर गिअरबॉक्सचा संगणक बचावाच्या अवस्थेत गेलेला असतो. स्कॅनरवर दिसणारा पी०७०० हा दोषाचा कोड केवळ त्या संगणकाने दोष नोंदवल्याचे सांगतो, त्यामुळे पुढचे कोड वाचल्याशिवाय निदान होत नाही. पी०७४० लॉकअप क्लचच्या परिपथाकडे बोट दाखवतो. सोलेनॉइड (ऑइलचा प्रवाह नियंत्रित करणारी विजेवर चालणारी झडप) मागवण्यापूर्वी बॅटरीचा दाब (इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट), अर्थिंगची वायर आणि गिअरबॉक्सवरील प्लगमध्ये शिरलेले ऑइल तपासावे.

चालवण्याच्या सवयींपैकी दोन विशेष महत्त्वाच्या. ओझे ओढताना टो-हॉल मोड (ओझ्यासाठी गिअर बदलण्याची वेगळी पद्धत) लावावा, म्हणजे गिअर वारंवार वरखाली होत नाहीत; आणि चिखलात रुतल्यावर डी व आर (मागे जाण्याची स्थिती) मध्ये झटपट मागेपुढे करत राहू नये, कारण तेवढ्या काही मिनिटांत ऑइल भयंकर तापते. नेहमी ट्रेलर ओढणाऱ्याने स्वतंत्र कूलर बसवून घ्यावा. बंद पडलेले पिकअप ओढून नेताना इंजिनाची ताकद मिळणारी चाके जमिनीवर ठेवू नयेत. इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

गिअर स्पष्टपणे घसरत असताना, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसताना, वाहन चालवत राहिल्यास दुरुस्ती महागच होते. गिअरबॉक्स पूर्ण उघडून बांधावा लागला तर जुना कूलर आणि त्याच्या नळ्या धुवून किंवा बदलून घ्याव्यात, अन्यथा त्यांत अडकलेली धातूची पूड थेट नव्या क्लच प्लेटांत उतरते. जोडणीनंतर संगणकाची जुनी शिकवण (जुन्या भागांनुसार त्याने जुळवून घेतलेली गिअर बदलण्याची पद्धत) स्कॅनरने पुसून नवी शिकवण द्यावी लागते. ते राहून गेले तर चांगला बांधलेला गिअरबॉक्सही झटके देतो.